आंबिलीला निळी रिबीन

जळकोट,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय मैथिली,

सहावीत असताना येळवशीनंतरच्या सोमवारी तू उजव्या वेणीची निळी रिबीन सोडलीस आणि माझ्या हातात दिलीस. मी सण करून गावाहून हॉस्टेलवर परत आले होते. आईनं सरबताच्या रिकाम्या बाटलीत आंबील भरून दिली होती आणि एस.टी.च्या धक्क्यांनी बूच वर यायला लागलं होतं. "बांध लवकर, सिस्टर येतायत," तू म्हणालीस. मी रिबिनीचे वेढे देऊन बूच बांधलं आणि बाटली ट्रंकेत फ्रॉकांच्या खाली दडवली. संध्याकाळी आपण सगळ्या पलंगांपाशी गुडघे टेकून प्रार्थनेला बसलो असताना ट्रंकेतून जो आवाज झाला, तो ऐकून सिस्टर रोझलिननी दोनदा क्रूसाची खूण केली. ताक आणि ज्वारीचं पीठ कोंडून ठेवलं की काय करतं, हे त्या केरळच्या बाईला कुणी समजावायचं? माझे सगळे फ्रॉक आंबट. दुसऱ्या दिवशी असेम्ब्लीला तू एका वेणीला रिबीन आणि दुसरीला नुसता दोरा बांधून उभी राहिलीस. छडी खाल्लीस. रिबीन कुणाला दिली, ते सांगितलं नाहीस.

मागं एकदा तू विचारलं होतंस, त्या रिबिनीचं पुढं काय झालं. सांगेन कधीतरी.

फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. शनिवारी शेवटच्या तासाला घरी पत्र लिहायची सवय सिस्टरांनी लावली, ती अजून सुटलेली नाही. निदान आता ते कुणी वाचून पुढं धाडत नाही.

काम असं आहे. आपली येळवशीची साइट फार हळू चालायला लागली आहे. गणपतीनंतर तर कधी उघडते, कधी नाही. कितीतरी जणींचे फोन येतात, 'बाई, फिरतंय नुसतं'. आपण रिटायर झाल्यावर ती सुरू केली, तेव्हा तुझा उत्कर्ष हसून म्हणाला होता, "एका दिवसाच्या सणाची साइट? राजूमावशी, दुसऱ्या दिवशी कोण बघणार?" तरी त्यानंच ती बांधून दिली आणि किल्ल्या माझ्या हाती देऊन मोकळा झाला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, एवढ्यावर लोक हा विषय संपवतात. आपण गावोगाव हिंडलो तेव्हा कळलं ना, की दर गावाची डाळी-भाज्यांची भज्जी वेगळी, पिठाचे उंडे वेगळे, आणि पिकावर आंबील शिंपताना बाया जी हाक देतात ती तर दर चार कोसांवर वेगळी. निम्मी कानडी, निम्मी आपली. त्या बाया एकेक करून चालल्या आहेत. आवाज तेवढे आपल्याकडं आहेत.

उत्कर्षला विचारशील का, काय बिघडलंय ते? तो या कामातला आहे.

आणि तू ऐकतेस ना ते सगळं? मागच्या वर्षी पेन ड्राइव्हवर पूर्ण साइटची प्रत पाठवली होती. बेंगळुरूत विसाव्या मजल्यावर मराठीचा शब्द कानी पडत नाही म्हणालीस, म्हणून. तीत आपलं ते खासगी पानही आहे. साइटवरून तिथं जायला वाटच नाही. पत्ता पाठ असेल तर उघडतं, आणि तो तुला-मला दोघींनाच पाठ आहे. मी माझ्या हातांनी केलेलं ते एकमेव पान. आंबिलीच्या बाटलीची गोष्ट तिथंच लिहिली आहे. परवा पुन्हा वाचली आणि एकटीच हसत बसले.

तुझी,
राजेश्वरी


जळकोट,
२९ ऑक्टोबर २०२५

प्रिय मैथिली,

दिवाळीत उत्कर्षचा फोन आला, बरं वाटलं. मागून तुझ्या बांगड्या वाजत होत्या. बोलली असतीस तर आणखी बरं वाटलं असतं.

त्याआधी मी साइट जिथं ठेवली आहे त्या कंपनीला विचारलं होतं. तिथला मुलगा चांगला होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं माणसं कमी येतात, यंत्रं जास्त. नुसत्या वाचायला येतात ती. सगळी पानं, सगळे आवाज घेऊन जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात." मी विचारलं, कशाला? तर म्हणे, माणसासारखं बोलणारी यंत्रं तयार करतात, त्यांना खायला घालायला. एवढी गर्दी आपल्या लहानशा जागेला झेपत नाही. मग खऱ्या माणसासाठी दार उघडत नाही. मोठी जागा घ्या म्हणाला. पूर्वी वर्षाला जे भरत होतो, ते आता महिन्याला. माझ्या पेन्शनीत एक-दोन महिने निघतील, पुढं नाही.

दारावर पाटी लावता येते म्हणे, यंत्रांनी आत येऊ नये अशी. लावली. वाचतो कोण? ती खोटं नाव सांगून येतात, आज या देशातून, उद्या त्या. हुरड्यावर आलेल्या ज्वारीवर पाखरं येतात ना, त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. पोट भरलं की उडतात ती. ह्यांना पोटच नाही.

उत्कर्ष म्हणाला, "मावशी, कुलूप लाव. नाव, नंबर टाकल्याशिवाय कुणाला आत घेऊ नको."

"म्हणजे येळवशीला बांधावर उभं राहून विचारायचं, तुझं नाव काय, गाव कुठलं?"

"तसंच समज."

"तुझ्या शरणम्मा आजीनं ऐकलं असतं तर तुला आंबील नसती मिळाली."

तो हसला. तुला आठवतं ना, आमच्या शरणम्मा सासूबाई हायवेच्या कडेला उभ्या राहून ट्रकवाल्यांना हाका मारायच्या, "बर्री, ऊटा माड्री!" या, जेवा. कुठला कोण पंजाबी, कुठला तमिळ, ट्रक बाजूला लावून आमच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं मांडी घालून बसायचा. नाव विचारायचं नाही, हा त्यांचा दंडक. नाव विचारलं की अन्न उष्टं होतं म्हणायच्या. पण त्या माणसांनाही रीत ठाऊक असायची. बसून खायचं, पोटभर खायचं, पदरात बांधून न्यायचं नाही. आणि निघताना पूजेला मांडलेल्या पाच पांडवांच्या दगडांपुढं वाकायचं. एकानं जाताना तिथं एक संत्रं ठेवलं होतं. त्याच्याकडं दुसरं काही नसावं.

म्हणून कुलूप लावलं नाही. चुकलं असेल. पण ज्या सणाची साइट, त्याच सणाची रीत तिथं मोडायची, हे मला जमेना. हाक रेकॉर्ड केली तेव्हा उमाबाईंना मी शब्दही दिला होता. तूही होतीस तेव्हा. त्या म्हणाल्या होत्या, "म्या फुकट हाक दिली, तू बी फुकट दे. ज्येला भूक हाय त्येला ऐकू दे. पन इकू नको बाई कुनाला." आणि तू त्यांच्या पायाला हात लावून म्हणाली होतीस, "नाही विकणार, मावशी."

उमाबाई श्रावणात गेल्या. तुला फोन केला होता, लागला नाही.

राजेश्वरी


जळकोट,
२६ नोव्हेंबर २०२५

मैथिली,

दोन पत्रांच्या उत्तरात व्हॉट्सअॅपवर एक अंगठा आला. पोचली एवढं कळलं.

मोठी जागा घेतली आहे, येळवशीपुरती. ती संपेपर्यंत साइट उभी राहायला हवी. उमाबाईंची लेक महादेवी दर वर्षी सासरच्या शेतात मोबाइलवर आईची हाक लावते आणि मग आंबील शिंपते. स्वतः हाक द्यायला लाजते. या वर्षी आई नाही. तिनं आत्तापासून दोनदा विचारलं आहे, "चालू असंल नव्हं, बाई?" मी हो म्हणून बसले आहे.

रा.


जळकोट,
२० डिसेंबर २०२५

मैथिली,

काल येळवस झाली.

साइट सकाळी उघडली, आणि भांडी गाडीत भरेपर्यंत बंद पडली. मोठी जागासुद्धा पुरली नाही. सणाच्या सुमारास तीच तीच नावं जास्त शोधली जातात म्हणून ती यंत्रंही त्याच दिवशी तुटून पडतात, असं नंतर कळलं. महादेवीचे फोन आले तेव्हा मी शेतात होते, आवाज सगळे घरी कॉम्प्युटरवर. घरी येऊन तिला पाठवली हाक, तोवर दिवस मावळला होता. ती म्हणाली, "र्‍हाऊ द्या बाई. मुकीच शिंपली."

पण तुला लिहायचं आहे ते वेगळंच.

जेवणं चालली होती. सून अस्मिताची बहीण चारुशीला पुण्याहून आली होती, तिला भज्जी कशी करतात ते हवं होतं. साइट लागेना. म्हणाली, "काकू, साइट कशाला, हे विचारा ना, हे सगळं सांगतं." आणि फोन तोंडाशी धरून तिनं विचारलं. फोनमधली बाई गोड आवाजात बोलू लागली. भज्जी सांगितली. उंड्यांबद्दल म्हणाली, पाणी बोलायला लागलं की उंडे सोडावेत. पाणी बोलायला लागलं! आमच्या सासूबाईंशिवाय हे कुणाच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. साइटवर त्या वाक्याशेजारी त्यांचं नाव आहे, फोटो आहे. त्या बाईनं नाव घेतलं नाही. मला वाईट वाटलं, तरी म्हटलं, उघड्यावर होतं, नेलं.

मग ती म्हणाली, "धाराशिव भागात येळवशीच्या दिवशी आंबिलीच्या भांड्याला निळी रिबीन बांधण्याची परंपरा आहे. ही रिबीन मैत्रीचं प्रतीक मानली जाते."

सगळे हसायला लागले. आमचा बसवेश म्हणाला, "आई, आपण लई वर्षं चुकतोय की!" शेजारच्या शेताचे धुळाप्पा जेवायला बसले होते, ते म्हणाले, "कोन सांगतंय रिबिनीचं? त्येला म्हनावं बांधावर ये, मंग दावतो." चारुशीलानं हसत हसत आपल्या केसांची निळी पट्टी काढली आणि आंबिलीच्या बिंदग्याला बांधली. फोटो काढले. चांगली दिसत होती. पुढच्या वर्षी आणखी कुणी बांधेल. मग ती परंपरा होईलच.

मीही हसले. मग पाणी आणते म्हणून कोपीच्या मागं गेले आणि तिथं कडब्याला धरून उभी राहिले.

मैथिली, रिबिनीची गोष्ट साइटवर नाही. ती फक्त त्या पानावर आहे, जिथं कुठूनच वाट जात नाही. यंत्राला ते पान सापडेल का, असं त्या कंपनीच्या मुलालाही मी आज विचारून घेतलं. "बाहेरून नाही सापडणार, मॅडम. कुणी आतून सगळी प्रत दिली असेल तरच."

प्रत मी एकाच माणसाला दिली आहे.

माझं काही चुकत असेल तर सांग. चुकत असू दे, असं सकाळपासून म्हणते आहे. फोन कर. अंगठा पाठवू नकोस.

राजेश्वरी


जळकोट,
११ जानेवारी २०२६

मैथिली,

तुझा फोन आला त्या दिवशी मी फार बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि तू समजूत घातली असतीस, आणि मी ती ऐकली असती. लहानपणापासून तसंच होत आलं आहे. म्हणून लिहिते.

तू सांगितलंस ते सगळं मी समजून घेतलं आहे. उत्कर्षच्या कंपनीत माणसं काढत होते. त्याला म्हणाले, यंत्राला पुस्तकी मराठी भरपूर झाली, घरातली, शेतातली, बायांच्या तोंडची आणा. त्यानं घरी येऊन तुला विचारलं. आणि तू मला फोन करून म्हणालीस, विसाव्या मजल्यावर मराठी कानी पडत नाही.

हे इथंच मला पुन्हा पुन्हा थांबायला होतं. नुसतं मागितलं असतंस, पोराची नोकरी जाते आहे म्हणून, तर मी काय केलं असतं? कदाचित नाही म्हटलं असतं. कदाचित गावोगाव फिरून त्या बायांना विचारलं असतं, आणि कुणी सांगावं, निम्म्या जणींनी होही म्हटलं असतं, लेकराचं पोट आहे म्हणून. पण तू एकटेपण पुढं केलंस. मी पेन ड्राइव्ह गुंडाळताना तुझ्यासाठी रडले होते, तुला सांगितलं नव्हतं.

तू म्हणालीस, "अगं, तूच म्हणतेस ना, येळवशीला कुणाला नाही म्हणू नये? मग यंत्रानं खाल्लं तर काय बिघडलं?"

हे वाक्य तू आधीपासून तयार करून ठेवलं होतंस, आवाजावरून कळलं. त्याचं उत्तर देते. पाहुणा बांधावरून येतो, मैथिली. दिसतो. बसतो, खातो, आणि वाकून जातो. पदरात बांधून नेत नाही. आणि तो जेवून गेल्यावर मागचा उपाशी राहत नाही. महादेवी उपाशी राहिली. साऱ्या वर्षात तिनं आईची हाक तेवढी मागितली होती.

आणि एक. घरात जे होतं ते तू दिलंस, त्यावरही त्यांचं भागलं नाही. तीच यंत्रं नवीन काही आलं का बघायला येत राहिली, किंवा त्यांची भावंडं, मला फरक कळत नाही. मी तुला विचारत होते, साइट का बंद पडते. तू अंगठा पाठवलास.

साइट या महिन्याअखेर बंद करते आहे. पैसा हे एक कारण आहे, खोटं कशाला बोलू. पण कुलूप लावून ती चालवता आली असती, उत्कर्ष म्हणाला तशी. नाव, नंबर, गाव. मला ते नको. दार उघडं ठेवायची माझी ऐपत राहिली नाही आणि बंद दाराची येळवस मला येत नाही.

साइट दोघींची होती, म्हणून कुणाला काय देते ते तुला कळवते. परवानगी मागत नाही.

उमाबाईंची हाक महादेवीला दिली. तिच्या फोनमध्ये आहे, दुसरी प्रत माझ्याकडं. पुढच्या वर्षी स्वतःच हाक देईन म्हणाली. देईल की नाही माहीत नाही.

सासूबाईंचा आवाज बसवेशला. तो शेतात लावेल. कुठं चढवणार नाही, असं त्यानं न विचारता सांगितलं.

बाकीच्या हाका ज्या त्या गावाला. मी स्वतः एस.टी.नं जाऊन देणार आहे. संक्रांत झाली की निघते. ज्या बाया आहेत त्यांना, ज्या नाहीत त्यांच्या लेकीसुनांना. त्यांना सांगावं लागेल की तुमचा आवाज आता आणखी कुणाकडं आहे आणि तो परत आणता येत नाही. माफी मागेन. कुणी दिला, असं त्या विचारतील. आमच्याकडून गेला, एवढंच म्हणेन. तुझं नाव घेणार नाही. असेम्ब्लीत तू माझं घेतलं नव्हतंस.

साइटचं नाव कुणालाच नाही. मुदत संपली की सुटू दे.

ते खासगी पान मी काल पुसलं. पुसून काही होत नाही, ठाऊक आहे. ते आता त्या फोनमधल्या बाईचं झालं आहे.

तुझ्याकडची पेन ड्राइव्ह तुझ्याकडंच राहू दे. जमलं तर एकदा खरंच ऐक.

उत्कर्षच्या शेंगाच्या पोळ्या याच पार्सलात आहेत. येळवशीच्या उरलेल्या नाहीत, काल ताज्या केल्या. त्याला म्हणावं, दूध घेऊन खा, कोरड्या घशाला लागतात. पोराच्या ताटावर राग काढायचं आमच्या घरात कुणाला शिकवलेलं नाही.

पुढच्या येळवशीला आमच्या शेताकडं कुणी आलं, तर नाव न विचारता वाढायचं, हे सुनेला सांगून ठेवलं आहे. ती तुला ओळखत नाही, तेव्हा तुलाही विचारणार नाही.

आणि रिबीन. तुझ्या उजव्या वेणीची. बाटली फुटली त्या संध्याकाळी ओल्या फ्रॉकांतून मीच काढून घेतली होती. लग्नातही ती ट्रंकेच्या तळाशी माझ्याबरोबर या घरी आली. पोळ्यांच्या खाली, वेगळ्या पाकिटात घडी घालून ठेवली आहे. ती तुझी. बऱ्याचदा धुतली, तरी आंबिलीचा डाग गेला नाही.

राजेश्वरी